कुंभार पिंपळगावातला बर्फ

फळी वाकते, हे आधी भिवा सुताराच्या लक्षात आलं. मुंबईहून आलेल्या नमुन्याची दोन टोकं दोन विटांवर टेकवून तो मधोमध उभा राहिला, तर फळी सैल बाजेसारखी खाली गेली आणि तो उतरल्यावर निमूट वर आली. भिवाने ती उलटी करून पाहिली, वास घेतला, नखाने खरवडली आणि मालकाकडे बघून मान हलवली.

"भुजंगभाऊ, कच्चा माल हाय."

"मलाबी तेच दिसून राह्यलं," भुजंगराव म्हणाले. "त्यायला जमतच न्हाई, भिवा. म्हणून तं आपल्याकडं आले."

कुंभार पिंपळगावात भुजंगरावांचा अवजारांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांबलचक शेड, एक भाता आणि भिवा. वखर, तिफण, बैलगाडीची चाकं, सगळा माल बाभळीचा. या मालात एकच खोट होती, ती म्हणजे तो मोडत नसे. बापाने घेतलेला वखर पोरगा वापरी, आणि पोराला नवा घ्यायची वेळ यायच्या आत गावात ट्रॅक्टर आला. गेल्या वर्षभरात कारखान्यातून नवीन म्हणून जे काही बाहेर पडलं होतं ती कोंबडीची पिल्लं होती.

थोरले बंधू साहेबराव मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात होते. तो धंदा जोरात होता, कारण लोक अवजारं घ्यायचं थांबवतात, लग्नं करायचं थांबवत नाहीत. साहेबरावांच्या गाद्या आणि खुर्च्या घरात मावेनात, तेव्हा त्यांची नजर शेडवर गेली. प्रकरण आईपुढे, म्हणजे मालनबाईंपुढे आलं. मालनबाईंनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निकाल दिला.

"भुजंगा, तुला संक्रांतीपर्यंत मुदत. वाणाला बाया येतेत, इचारतेत. तवा मला कळलं पाह्यजे, माझं पोरगं कारखानदार हाय का कोंबडीवालं. न्हाई चालला कारखाना तं दादाला गोदाम करू दे."

त्याच आठवड्यात बद्रीनाथ गावी आला. बद्रीनाथ गावचाच, पण मुंबईला एका निर्यात कंपनीत चिकटलेला. कंपनी लाकडी सामान बाहेर धाडायची. त्याने भुजंगरावांना ओट्यावर बसून परदेशी बाजाराचा कल समजावून सांगितला. तिकडे डोंगरावर बर्फ पडतो. तरणीताठी मंडळी दोन्ही पाय एकाच फळीला बांधतात आणि घसरत खाली येतात.

"खाली काय काम असतंय त्यायचं?" भुजंगरावांच्या मंडळी, द्वारकाबाई, आतून म्हणाल्या.

"काम न्हाई, वहिनी. खाली आले की पाळण्यात बसून परत वर जातेत."

"मंग वरच बसावं की."

बद्रीनाथने हा मुद्दा सोडून दिला. फळ्यांची सध्या लाट होती. युरोपातले कारखाने पुरे पडेनात, जपानात तर दुकानापुढे रांगा. आणि खरी मेख पुढेच होती. गिऱ्हाईक दर हंगामाला जुनी फळी टाकून नवी घेत होतं, कारण नव्या फळीवरचं चित्र बदललेलं असायचं.

भुजंगरावांनी हे दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे मोडत न्हाई, तरी टाकतेत?"

"चांगली धडधाकट टाकतेत."

भुजंगरावांनी जन्मभर ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली होती ते जगात आहे, फक्त जपानात आहे, हे ऐकून त्यांचे डोळे पाणावले. बघायला एक फळी बद्रीनाथने मुंबईहून धाडायची, जमलं तर दहा फळ्यांचा नमुना आधी, तो पसंत पडला की मोठं काम, असं ठरलं. बद्रीनाथच्या ओळखीचे ऑस्ट्रियाचे हेल्मुटसाहेब स्वस्तात फळ्या करून देणारा माणूस शोधतच होते.

त्या दिवसापासून भुजंगराव हॉटेलात बसून जपानबद्दल बोलू लागले. साहेबराव समोरून गेले की हटकून विचारत, "काय म्हणतो जपानचा भाव आज? कापसाच्या वर हाय का खाली?"

"तेजी हाय, दादा," भुजंगराव शांतपणे सांगत.

फळ्या करताना भुजंगरावांनी नमुन्यातले दोष एकेक करून काढून टाकले. फळी वाकत होती, म्हणून ती जुनाट बाभळीची केली. दोन बोटं जाडीची, उचलायला दोन माणसं लागावीत अशी. नमुन्याच्या कडेला पोलादाची दोऱ्याएवढी पट्टी होती. ती पाहून भिवा हसला होता. त्याने कडेला वखराची पास बसवली, म्हणजे वखराची जमीन कापणारी ती लोखंडी पट्टी, धार लावून. पाय बांधायच्या प्लास्टिकच्या खोबणी काही जमेनात, तेव्हा बैलाच्या गळ्यातले चामडी पट्टे ठोकले. पट्टे पोळ्याचे होते. त्यांची घुंगरं काढायची राहून गेली.

चित्राचा प्रश्न मालनबाईंनी सोडवला. नमुन्यावर कवटी होती, ज्वाळा होत्या.

"ज्याच्यावर उभं राहायचं त्याच्यावर मढ्याचं डोस्कं?" त्या म्हणाल्या. "अन् लक्ष्मी काढू नको, पाय लागतोय. मोर काढ."

गाड्यांना रंग देणाऱ्याकडून दहाही फळ्यांवर मोर काढून घेतले. भुजंगराव जीपमध्ये उभ्याने लटकत घनसावंगीला गेले आणि माल तयार असल्याचा फोन लावला.

"झ्याक," बद्रीनाथ म्हणाला. "आता एक करा. वापरतानाचा फोटो पाह्यजे. बर्फात."

"बर्फ?"

"त्याशिवाय साहेब बोलत न्हाई."

"अरे बद्री, इथं बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडं. त्याच्या लादीवर माझा एक पाय मावंल."

"ते तुम्ही बघा, भाऊ," असं म्हणून बद्रीनाथने फोन ठेवला.

दुसऱ्या एखाद्याने इथे हाय खाल्ली असती. भुजंगराव परतीच्या जीपच्या टपावर बसले, आणि टपावर बसल्यामुळेच त्यांना गावाबाहेरच्या जिनिंगच्या कुंपणापलीकडचं दिसलं. वेचणीचा भर होता. आवारात कापसाची रास दुमजली घरापेक्षा उंच गेली होती. पांढरीशुभ्र, उतरती, आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

जिनिंगवरचा मुकादम रखमाजी आधी ऐकेना. "कापसात पाय? भुजंगभाऊ, मालक मला उभा चिरील."

"एकच डाव. वरून खाली यायचं, बस. तुझा कापूस काय झिजतो का?"

"विडी ओढायची न्हाई."

"बिलकुल न्हाई."

रविवारी दुपारी जिनिंग बंद असताना चाचणी ठरली. लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर आला. गाव आलं. साहेबराव तर स्वतःच्या दोन खुर्च्या घेऊन आले, एक बसायला आणि एक पाय ठेवायला. भुजंगरावांनी थंड मुलखातलं दिसावं म्हणून स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घातली होती, वर फोटोग्राफरचा काळा चष्मा. घामाने ते आधीच भिजले होते.

"भुजंगा, आमच्या गाद्यातबी कापूसच हाय," साहेबराव खालून ओरडले. "घरीच घसरायचं व्हतं, खर्चा वाचला असता."

भुजंगराव शिडीने राशीवर चढले. फळी कासऱ्याने ओढून वर घेतली. भिवाने त्यांचे दोन्ही पाय आवळून बांधले.

"बैलालाबी कुणी असं बांधत न्हाई," द्वारकाबाई शेजारणीला म्हणाल्या, पण त्यांनी पदर तोंडाशी धरला होता तो हसू लपवायला नव्हता.

भुजंगरावांनी अंगाला झोका दिला. घुंगरं वाजली. दुसरं काही झालं नाही. त्यांनी पुन्हा झोका दिला. फळी जागची हलली, पण पुढे नाही, खाली. बाभळीचं वजन आणि भुजंगरावांचं वजन यांनी मिळून कापसाचा अंदाज घेतला आणि ते दोघं संथपणे आत जाऊ लागले. आधी गुडघे गेले, मग कंबर. छातीपाशी येऊन ते थांबले.

"घसर की," साहेबराव म्हणाले.

"जल्दी फोटो काढ," भुजंगराव फोटोग्राफरला म्हणाले. चेहऱ्यावर निश्चय होता. तोच फोटोत आला. फ्लॅश जोरात पडला, त्यामुळे कापसातल्या काड्या, पानांचा कचरा काहीच दिसेना. दिसला तो फक्त मागच्या लिंबाचा शेंडा, अथांग पांढरा उतार आणि त्यात छातीपर्यंत बुडालेला, काळा चष्मा लावलेला एक माणूस.

आता त्यांना बाहेर काढायचं होतं. चौघांनी काखेत हात घालून ओढलं. पण फळीच्या दोन्ही कडांना वखराची पास होती, आणि जमिनीत रुतायचं हे तिचं कामच होतं. ती कापसात रुतली. पट्टे भिवाने आवळले होते आणि गाठ राशीच्या पोटात होती. शेवटी फळीच्या टोकाला बांधलेला कासरा कुणीतरी आवारात उभ्या असलेल्या बैलजोडीच्या जूला जोडला.

बैल हळू निघाले असते तर बरं झालं असतं. पण भुजंगराव उपसले जाताना घुंगरं खणखणली. घुंगरं वाजली की पळायचं, हे त्या बैलांना पोळ्याला शिकवलेलं होतं. राशीचा अर्धा उतार भुजंगरावांच्या अंगावरून खाली आला आणि त्या ढिगातून ते बंदुकीच्या गोळीसारखे सुटले. पायाला फळी, हातात कासरा, डोक्याला कापूस. उभं राहण्यावाचून त्यांना गत नव्हती, आणि ते उभे राहिले. आवाराच्या तुटक्या कुंपणातून बैल शेजारच्या रानात शिरले. रान साहेबरावांचं होतं. कालच नांगरलेलं, हंड्याएवढाली ढेकळं वर आलेली.

"माझ्या रानात कामून?" साहेबराव पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

बैलांनी रानाला दोन वेढे घातले आणि दमून बांधावर थांबले. भुजंगराव अजून उभे होते. फोटोग्राफरच्या रोलमध्ये काही फोटो उरले होते, ते त्याने सवयीने संपवले. रखमाजी कपाळाला हात लावून कापसाच्या ढिगाकडे बघत होता.

"वाकली न्हाई," भुजंगराव भिवाला म्हणाले. "बघितलं का? जरासुदा वाकली न्हाई."

द्वारकाबाई मात्र रानाकडे बघत होत्या. जिथून जिथून फळी गेली होती तिथे ढेकळांचा भुगा होऊन रान ताटासारखं सपाट झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिवाला सांगून एक फळी आपल्या उसाच्या रानात नेऊन टाकली.

राशीवरचा फोटो तेवढा मुंबईला गेला. दोन आठवडे काही कळलं नाही. मग घनसावंगीहून निरोप आला, आणि भुजंगराव फोनवर गेले तेव्हा बद्रीनाथला बोलताना धाप लागत होती.

"भाऊ, साहेब खुश हाय. स्वतः येऊन राह्यला. संक्रांतीच्या आधी."

"फळी पसंत पडली?"

"फळीचं काई बोलला न्हाई. पण फोटो टेबलावर ठेवलाय त्यानं. म्हणतो, एवढा भुसभुशीत, एवढा खोल बर्फ जगात कुठंच न्हाई. अन् एवढी कमी गर्दी."

भुजंगरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तू सांगितलं न्हाई, तो कापूस हाय म्हणून?"

"मी सांगणार व्हतो," बद्रीनाथ म्हणाला. "तोवर त्यानं तिकीट काढलं."

भुजंगराव गावी आले आणि त्यांनी घरी सगळं खरं सांगितलं. साहेबरावांना हसू आवरेना.

"खोटं बोलायचं न्हाई," भुजंगराव म्हणाले. "पण पाव्हणा आला की आधी जेवण. पोटभर जेवलेला माणूस कमी चिडतो."

साहेबरावांनी मंडप घातला. भावाची फजिती झाली तर ती उघड्यावर होऊ नये, एवढी माया त्यांच्यात होती, शिवाय मंडपाची जाहिरात झाली असती. हेल्मुटसाहेब जालन्याहून जीपने आले. उंच, लालबुंद गृहस्थ, सोबत बद्रीनाथ. टपावर कातडी बूट, लोकरीचा अंगरखा आणि एक लांबट पिशवी. मालनबाईंनी ओवाळलं. बाजरीची भाकरी, खारं वांगं आणि तिळाची चटणी असं जेवण झालं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी भाकरी मागून घेतली. मग हात धुऊन ते उठले आणि बर्फ कुठे आहे म्हणून विचारलं.

भुजंगराव त्यांना जिनिंगवर घेऊन गेले. कापूस दाखवायचा, सगळं सांगायचं आणि माफी मागायची, असं त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. पण आवार रिकामं होतं. जमिनीवर कुठे कुठे पांढरे पुंजके तेवढे उडत होते. साहेबांनी खिशातून फोटो काढून बघितला, मागचं लिंबाचं झाड जुळवलं. जागा बराबर तीच होती. ते हळूच काहीतरी बोलले.

"काय म्हणतो?" भुजंगरावांनी विचारलं.

"म्हणतो, वितळला का?"

रखमाजी मध्येच म्हणाला, "साहेबाला सांगा, गाठी बांधून परवाच मुंबईला गेला."

बद्रीनाथने ते तसंच सांगितलं. साहेबांनी वाकून एक पुंजका उचलला, दोन बोटांत चुरला, मग भुजंगरावांकडे पाहिलं. भुजंगरावांनी नजर चुकवली नाही. साहेब लिंबाखालच्या दगडावर बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. बद्रीनाथ ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"भाऊ, ऑर्डर न्हाईच. जपान बसलं. पोरायनं घेणंच बंद केलं. ज्यानं त्यानं फळ्या करून ठेवल्या, आता दुकानं भरलेली, गोदामं भरलेली. अन् यंदा त्याच्या मुलखात बर्फबी पडेना. ह्याच्या स्वतःच्याच फळ्या सडून राह्यल्या. एखादा स्वस्तातला डोंगर सापडला तं त्या तिथं खपवीन, म्हणून आला व्हता."

भुजंगराव साहेबांच्या शेजारी बसले. एकाला कारखाना वाचवायला गिऱ्हाईक हवं होतं, दुसऱ्यालाही तेच हवं होतं, आणि दोघंही एकमेकांच्या भरवशावर तिथवर आले होते. भुजंगरावांना त्या लाल माणसाबद्दल सख्ख्या भावाबद्दल वाटलं नव्हतं एवढं वाटलं. त्यांनी त्याला तंबाखू देऊ केली.

तेवढ्यात घुंगरं वाजली. ओढ्यापलीकडे भुजंगरावांच्या रानात उसाच्या लागवडीची तयारी चालली होती. भिवा बैलांमागे फळीवर उभा होता. फळीवरचा मोर धुळीत बुडाला होता आणि मागे काळं रान गुळगुळीत होत येत होतं. बांधावर कमरेला पदर खोचून द्वारकाबाई उभ्या होत्या.

साहेब उठले. ओढा त्यांनी बुटांसकट ओलांडला. भिवाला खाली उतरवलं, बूट काढून मोजे घातलेले पाय बैलाच्या पट्ट्यात अडकवले आणि कासरा धरला. पहिल्या वळणाला ते पडले. दुसऱ्या वळणाला गुडघे वाकवून, एक खांदा पुढे काढून ते असे वळले की बांधावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. मग ते उतरेनात. बैल बदलावे लागले. दिवस कलला तेव्हा भुजंगरावांचं रान संपून साहेब साहेबरावांच्या रानात शिरले होते, आणि या वेळी साहेबरावांनी कामून म्हणून विचारलं नाही.

"मजूर चांगला हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "तोंड तेवढं जळालंय."

रात्रीच्या जेवणाआधी सौदा झाला. साहेबांचा पडून राहिलेला माल जहाजाने मुंबईला आणि तिथून ट्रकने कुंभार पिंपळगावला यायचा होता. नुसतं भाडं भरून तो नेणारा माणूस जगात एकच निघाला होता. संक्रांतीला वाण घ्यायला आलेल्या बायांना मालनबाईंनी सांगितलं, "पोरगा परदेशातून माल आणून राह्यला." कोंबड्यांचा विषय कुणी काढला नाही.

पाडव्याच्या सुमारास ट्रक आले. फळ्या उतरवता उतरवता शेड छपरापर्यंत भरलं. साहेबराव दारात उभे राहून आत बघू लागले. आत एक खुर्ची ठेवायलाही जागा नव्हती.

"माय, तू म्हणली व्हतीस कारखाना न्हाई चालला तं गोदाम करायचं," ते म्हणाले. "हे तं गोदामच झालं."

"झालं," मालनबाई म्हणाल्या. "पण त्याचं झालं."

कारखाना मात्र खरोखर चालू लागला. परदेशी फळ्या हलक्या आणि वाकणाऱ्या, म्हणजे जशाच्या तशा रानात टाकायच्या लायकीच्या नव्हत्याच. भिवा प्रत्येकीच्या पाठीवर बाभळीची दांडी ठोके, कडेला पास बसवी, पट्टे आवळी, आणि माल पक्का करून देई. आधी बैलवाले आले. मग एका ट्रॅक्टरवाल्याने मागे तीन जोडून नेल्या, आणि ज्या ट्रॅक्टरने भुजंगरावांना बसवलं होतं तोच त्यांचा माल ओढत गावातून गेला. हसनाबादपर्यंतची गिऱ्हाइकं येऊ लागली. कवटीच्या फळ्या कुणी घेईना, म्हणून रंगवणाऱ्याला बोलावून कवट्यांचे मोर केले.

पुढच्या थंडीत घनसावंगीहून एक माणूस फॅक्सचा कागद घेऊन आला. बद्रीनाथने मराठीत उतरवून धाडला होता. युरोपात यंदा कधी नव्हे तो बर्फ पडला होता. पोरं परत डोंगरावर चढली होती. बरेच कारखाने बंद पडलेले, दुकानं रिकामी, फळी म्हणून मिळेना. हेल्मुटसाहेब विचारत होते, गेल्या वर्षी धाडलेला माल परत मिळेल का. वाटेल तो भाव देतो. फार तातडी आहे.

भुजंगरावांनी कागद दोनदा वाचला. समोरच्या रानात उसाची लागवड चालली होती, आणि नजर पोचेल तिथवर फळ्यांच्या मागे धूळ उठत होती.

"काय कळवायचं?" घनसावंगीच्या माणसाने विचारलं. "जल्दी सांगा, जीप निघून जाईल."

"लिही," भुजंगराव म्हणाले. "माल रानात आहे. लागवड झाल्यावर बघू. तोवर बर्फ थांबवून धरावा."

त्या माणसाने लिहून घेतलं. तो निघाला तेव्हा भुजंगरावांनी त्याला पुन्हा हाक मारली. शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, पहिल्या दहांतल्या नऊ फळ्या तशाच पडून होत्या. जाड, काळपट, उचलायला दोन माणसं लागतील अशा.

"अन् खाली लिही, फारच नड असंल तं नऊ देतो. बाभळीच्या आहेत." त्यांनी वरची फळी पायाने दाबून पाहिली. "वाकत नाहीत, हे आवर्जून लिही."